तीनशे नगांचा सेट नको, आधी चार पाने आणा

प्रश्न : १९७१ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे बिनछपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली आहे. इंजिन हाताने फिरतं, पण चालू होत नाही. ब्रेक जाम आहेत. दारांखालचे सिल बोटाने दाबले तरी गंजाचे पापुद्रे सुटतात. एका गाडीपुरतं गॅरेज आहे. वायरिंगचं काम येतं, मोटारसायकल स्वतः खोलून जोडतो, वेल्डिंग मात्र कधी केलेलं नाही. जवळचे बरेचसे पैसे गाडी घेण्यातच गेले, आणि आता हत्यारांच्या याद्या बघतो तर त्यांची बेरीज गाडीच्या किमतीला भिडते. तीनशे तीन नगांचा एक सेट मोठ्या सवलतीत मिळतोय, तो घेऊन टाकावा का? जुनी, वापरलेली हत्यारं घ्यावीत का? आणि वेल्डिंग मशीन आणि कंप्रेसर यांत आधी काय घ्यावं? पैसा कमी आहे, वेळ भरपूर आहे.
— पैशाने तंग, उत्साहाने दंग

उत्तर : सेट घेऊ नका. सवलत कितीही असो.

असल्या सेटमधले नग एकदा मोजून बघा. स्क्रू ड्रायव्हरला लावायचे बोटभर बिट, ॲलन की, दोन-चार ॲडॅप्टर यांनीच आकडा फुगवलेला असतो, आणि उरलेली सॉकेटं बहुतकरून मेट्रिक मापांची असतात. तुमच्या गाडीला मेट्रिक जवळजवळ लागतच नाही. १९७१च्या एमजीबीचे बहुतेक नट-बोल्ट यूएनएफ आट्यांचे, म्हणजे इंची आहेत. त्यांच्या पान्यांवर 'एएफ' लिहिलेलं असतं, आणि आकडा असतो तो नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा. पाव इंची बोल्टला ७/१६चा पाना, ५/१६च्या बोल्टला १/२चा, ३/८च्या बोल्टला ९/१६चा आणि अर्धा इंची बोल्टला ३/४चा. या चार मापांचे रिंग पाने, फिक्स पाने आणि सहा कोनांची सॉकेटं एवढ्यावर गाडीचा मोठा भाग सुटा होतो. ३/८, ५/८, ११/१६, १५/१६ ही मापं जसजशी अडतील तसतशी आणा.

मोटारसायकलचे मेट्रिक पाने तुमच्याकडे असणारच आणि ते लावून बघायचा मोहही होणार. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेराचा पाना त्यावर बसतो, चालेलसं वाटतं, आणि गंजलेल्या नटावर जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात. ९/१६ म्हणजे १४.२९. चौदाचा चढत नाही, पंधराचा घसरतो. बेलाशक वापरावेत असे दोनच : ५/१६ला ८चा आणि ३/४ला १९चा, कारण तिथला फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी आहे.

तरी तुम्ही सुटलात म्हणायचं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८मध्ये आट्यांचं सामायिक प्रमाण (यूएनएफ त्यातलंच) मान्य केलं, आणि पुढे ब्रिटिश गाड्या हळूहळू व्हिटवर्थ आणि बीएसएफ ही आपली जुनी मापं सोडून त्यावर आल्या. त्याआधीची एमजी टीसी, म्हणजे याच कंपनीची जुनी गाडी, कोणी घेतली असती तर तिच्या इंजिनात मेट्रिक आटे आणि त्यावर व्हिटवर्थ मापाची डोकी असा संकर निघाला असता. तो बोल्ट हरवला तर कुठल्याही डब्यात दुसरा सापडत नाही. तुम्हाला जुनं माप भेटलंच तर विजेच्या भागांतल्या बारीक स्क्रूंमध्ये भेटेल, आणि तिथे छोटी पक्कडही काम भागवते.

खर्चाचं मी असं ठरवतो. हत्यार चांगलं की वाईट हे नंतर. ते ऐन वेळी दगा देईल तेव्हा काय जाईल, हे आधी. नुसता वेळ जाणार असेल तर सगळ्यात स्वस्त आणा : छिन्न्या, तारेचे ब्रश, पहारी, पत्रा धरायचे क्लॅम्प, ट्रे. पंधरा क्लॅम्पांपैकी एक वाकला तर उरलेले चौदा आहेतच. गाडीचा भाग जाणार असेल तर थोडे जास्त पैसे घाला, किंवा चांगल्या प्रतीचं वापरलेलं शोधा : पाने, सॉकेट, स्क्रू ड्रायव्हर, पुलर, नेमून दिलेल्या जोरानेच नट आवळणारा टॉर्क रेंच. आणि जिथे हाड, डोळा किंवा फुप्फुस जाईल तिथे घासाघीस बंद. तुमच्या बजेटमधला पहिला पैसा या तिसऱ्या गटाला जाऊ द्या, मग पान्यांना एक महिना उशीर झाला तरी चालेल.

त्यात सगळ्यात वर जॅक स्टँड. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकचं एक झिजलं सील पुरेसं होतं. स्टँड चार घ्या आणि नवे घ्या. वापरलेल्या स्टँडच्या वेल्डमध्ये केसाएवढी चीर असली तर रंगाखाली दिसत नाही, आणि आधीच्या मालकाने त्यावर काय काय चढवलं होतं ते तो सांगणार नाही. नवं म्हणजे निर्धोक असंही नाही. २०२०मध्ये अमेरिकेत एका मोठ्या विक्री साखळीने दाते नीट न अडकणारे लाखो स्टँड परत मागवले, आणि बदली म्हणून दिलेल्यांतले काही वेल्डच्या दोषामुळे पुन्हा मागवावे लागले. म्हणून दात्यांऐवजी आरपार पिन जाणारा प्रकार मिळाला तर तो बघा. गाडी चढवल्यावर खाली जाण्याआधी बाजूने तिला चांगली हलवून बघा, आणि काढलेली चाकं सिलखाली आडवी सरकवून ठेवा. फुकटचा दुसरा आधार.

तुमच्या गाडीत आणखी एक भानगड आहे. कंपनीने जॅक लावायची जागा सिलपाशीच दिली होती, आणि तुमचे सिल बोटाने पडताहेत. तिथे जॅक लावलात तर गाडी वर जाण्याऐवजी जॅक आत जाईल. पुढून क्रॉसमेंबरखाली, म्हणजे आडव्या तुळईखाली, मागून ॲक्सलखाली उचला. गाडी साधारण टनभर भरते, त्यामुळे दोन टनी ट्रॉली जॅक पुरतो, आणि तो वापरलेला घ्यायला हरकत नाही. गळत असेल तर सील किट मिळतं, शिवाय वजन धरायला खाली स्टँड आहेतच.

फुप्फुसांबद्दल थोडं. त्या काळातल्या ब्रेक शू, क्लच प्लेट आणि काही गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. फवारून ओली करा, पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोही ओला घासा. साधा कापडी मास्क पुरत नाही. बदलायची फिल्टरं असलेला अर्ध्या चेहऱ्याचा रेस्पिरेटर घ्या आणि धुळीची व वाफांची फिल्टरं वेगळी असतात हे लक्षात ठेवा. ग्राइंडरसाठी बाजूने बंद गॉगल आणि वर चेहऱ्याचं कवच. भिंतीवर आग विझवायचं नळकांडं, तेही दाराजवळ. आगीपलीकडे टांगलं तर ते काय कामाचं?

आता जुनी हत्यारं. जरूर घ्या. तुमच्यासाठी ती नव्यापेक्षा बरी पडतील असं माझं मत आहे, त्यामागे साधं कारण आहे. रोजच्या धंद्यातले मेकॅनिक केव्हाच मेट्रिकवर गेले, त्यामुळे त्यांचे उत्तम प्रतीचे एएफ पाने पेट्यांच्या तळाशी पडून आहेत आणि त्यांना गिऱ्हाईक कमी आहे. निवृत्त होणारा मेकॅनिक, बंद होणारं गॅरेज, कारखान्याचा लिलाव, घर रिकामं करणारे वारस, जुन्या गाड्यांचे मेळावे, ही हत्यारांची खरी ठिकाणं. एकेक पाना विचारण्यापेक्षा अख्खा खोका विचारा. किंग डिक, ब्रिटूल, गेडोरे, स्टालविले, फाकॉम, स्नॅप-ऑन, बाहको अशी नावं दिसली तर थांबून बघा. नाव न दिसणारा, पण जबडा शाबूत असलेला जाडजूड घडीव पानाही काही वाईट नसतो. याउलट चकचकीत नव्या पान्यावरचं 'क्रोम व्हॅनेडियम' वाचून भुलू नका. ती अक्षरं कोणीही ठोकू शकतो.

बघताना काय बघायचं? फिक्स पान्याचा जबडा पसरला आहे का : सोबत नवा, मापाचा बोल्ट न्या आणि डोक्यावर बसवून हलवा. रिंगच्या आतले कोपरे गोल झालेत का. सॉकेटच्या तोंडाशी बारीक तडा आहे का, भिंतीवर हातोडीचे घाव आहेत का. रॅचेट एका हाताने दाबून धरा, दुसऱ्याने उलटसुलट फिरवा. एकही दाता उडी मारत असेल तर सोडा, अर्थात त्याच्या दुरुस्तीचं किट मिळतं हे माहीत असेल तर गोष्ट वेगळी. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून तो वाकवलेला असेल तर उचलू नका. वरवरच्या गंजाला अजिबात घाबरू नका, खड्डे पडलेल्या जबड्याला घाबरा. क्रोमचा मुलामा सोलून निघत असेल तर तेही नको, तो ब्लेडसारखा कापतो.

मापाची एक फसगत इथेच होते. जुन्या खोक्यात व्हिटवर्थचे पाने मिसळलेले असतात. त्यांच्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याचा नाही. '१/२ डब्ल्यू' लिहिलेल्या पान्याचा जबडा अर्धा इंची नसून २३ मिलिमीटरच्या आसपास असतो. 'डब्ल्यू', 'बीएस', 'बीएसएफ' अशी अक्षरं असतील तर तो पाना तुमचा नव्हे. टीसीवाल्याला द्या, दुवा देईल.

व्हाइस जुनाच घ्या, ओतीव लोखंडाचा, जड. जबडा अर्धा उघडून वर-खाली हलवून बघा. थोडी हालचाल चालते, लटपट नको. ग्राइंडर वापरलेला घेतलात तर कार्बन ब्रश बदलून घ्या, गार्ड नसेल तर घेऊच नका, आणि सोबत फुकट मिळालेल्या चकत्या कचऱ्यात टाका. कापायच्या चकत्यांच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, कारण आतलं रेझिन कालांतराने कमजोर होतं. ती चकती मिनिटाला दहा हजाराहून अधिक फेरे घेत तुमच्या चेहऱ्यासमोर फिरणार आहे. आणि साधी क्रोमची सॉकेटं इम्पॅक्ट गनवर लावू नका, ती फुटून उडतात. त्यासाठीची काळी, जाड सॉकेटं वेगळी मिळतात.

टॉर्क रेंच वापरलेला घ्यायचा असेल तर तपासून घ्या, आणि ते घरी करता येतं. त्याचा चौकोनी दांडा व्हाइसमध्ये असा धरा की रेंच जमिनीला समांतर राहील. त्या चौकोनी दांड्याच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर दहा किलो वजन टांगा. झाले ४९ न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे ३६ पाउंड-फूट. रेंचच्या स्वतःच्या वजनाने त्यात थोडी भर पडते तेवढी धरा. ४५वर लावलेला असताना 'कट्' वाजला पाहिजे, ५८वर वाजता कामा नये. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडे पाउंड-फुटात असतील. त्यांना १.३५६ने गुणलं की न्यूटन-मीटर. काम झालं की रेंच सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग बसते. आणि नट सोडायला टॉर्क रेंच वापरणाऱ्याच्या हातून तो विकत घेऊ नका. विचारलंत तर लोक अभिमानाने सांगतात.

एकदाच लागणारी हत्यारं विकत घ्यायची नसतात. इंजिन क्रेन भाड्याने आणा, तीही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासल्यानंतर. इंजिन हाताने फिरतंय, मग ते बाहेर काढायचंच असं धरून का चालता? कॉम्प्रेशन गेज कोणाचं तरी मागून आणा, चारही सिलिंडरांचे आकडे लिहा. ते एकमेकांच्या जवळ असतील तर आधी ठिणगी आणि पेट्रोल बघा. क्रेन आणावीच लागली तर एमजीबीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र काढणं सोयीचं पडतं, आणि त्यासाठी क्रेनचा हात लांबवावा लागतो. तिथे दांड्यावरची प्रत्येक भोकासमोरची क्षमता वाचा. 'दोन टनी' म्हणून विकलेली क्रेन हात पूर्ण लांब केल्यावर त्याच्या चौथाईपर्यंत येऊ शकते. पुढच्या सस्पेन्शनची स्प्रिंग दाबायचं योग्य हत्यार क्लबमधून उसनं घ्या. जुन्या गाड्यांच्या मालकांच्या क्लबकडे अशी खास हत्यारं सामायिक असतात, आणि वर्गणी एका पुलरच्या किमतीत वसूल होते. दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते, तिथे साखळी आणि दोरीचे जुगाड करू नका.

बाकी ठिकाणी जुगाड जरूर करा. मला या कामातला सगळ्यात आवडता भाग तोच आहे. आटे साफ करायला टॅपचा सेट घेऊ नका. चांगला यूएनएफ बोल्ट घ्या, हॅकसॉने त्याच्या लांबीला तीन खाचा पाडा, टोक कानशीने निमुळतं करा. गंज आणि रंग खाचांत गोळा होतो, आणि टॅपसारखा धातू खरवडला जात नाही हा वरचा फायदा. क्लच बसवताना प्लेट मध्यावर आणायची खास दांडी विकत मिळते. लाकडी गोल दांड्यावर चिकटपट्टीचे वेढे देऊन दोन व्यासांची दांडी बनवली तरी तेच काम होतं. तुमच्या गाडीवरचे एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर जुळवायला हातभर रबरी नळी पुरते : एक टोक कानाशी, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी, आणि दोन्हीकडचा सूं-सूं सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. भडक जाहिरातीतलं मापक यंत्र नंतर कधी फुकट मिळालं तर घ्या.

गंज काढायलाही यंत्र नको. सायट्रिक ॲसिड पाण्यात पाच टक्के विरघळवा, छोटे लोखंडी भाग रात्रभर बुडवा, सकाळी ब्रशने घासून, धुऊन, लगेच वाळवून तेल लावा. मोठ्या भागांना उसाची मळी (मोलॅसिस) : एक भाग मळी, नऊ भाग पाणी, झाकलेलं पिंप, आणि काही आठवडे. वास असह्य असतो, पण तुमच्याकडे वेळ आहे म्हणालात. बॅटरी चार्जर आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातली विजेची पद्धतही चांगली चालते. त्यात दुसरा पत्रा साध्या लोखंडाचाच ठेवा. स्टेनलेस स्टील वापरलंत तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. मीठ टाकलंत तर क्लोरिन निघतो. हायड्रोजन निघतोच, म्हणून हे काम उघड्यावर, आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढायचे नाहीत. स्प्रिंग आणि जास्त ताकदीचे बोल्ट यांतल्या कशातच घालू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भागही नकोत, म्हणजे कार्ब्युरेटर या पिंपापासून दूर.

अडकलेल्या नटाला आधी किंचित आवळायच्या दिशेने झटका द्या, मग सोडवा. गंजाची पकड तुटायला हे बऱ्याचदा पुरतं. नाही तर भेदक तेल, एक रात्र, मग छोट्या गॅस बत्तीची धग. फक्त पेट्रोलची नळी, ब्रेकचं तेल आणि रबरी बुश जवळ नाहीत ना, ते बघून. दाराच्या बिजागरीचे स्क्रू मात्र धगीने नव्हे, ठोक्याने सुटतात. त्यासाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, महाग नसतो. स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या मध्ये तिरक्या चार बारीक रेषा दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह आहे. त्यात फिलिप्सचं टोक घातलंत तर पहिल्याच ठोक्यात खाच उडेल.

ब्रेकच्या नळ्यांसाठी फ्लेअरिंगचं, म्हणजे नळीचं तोंड पसरवायचं, स्वस्त हत्यार दिसेल. ते नको. त्यातून निघणारं तोंड तिरकं बसतं आणि इथे गळती म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एका गाडीसाठी तांबं-निकेल मिश्रधातूच्या तयार नळ्यांचा संच चांगल्या हत्यारापेक्षा स्वस्त पडतो आणि गंजतही नाही. विजेच्या बाबतीत तुम्हाला शिकवायची गरज नाही. साधा मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प पुरतो. तुमच्या वर्षाच्या गाडीला सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात, तेवढं ध्यानात ठेवा.

आता वेल्डिंग की कंप्रेसर. कंप्रेसर घेऊच नका. लहान घरगुती कंप्रेसर टायर भरतो आणि धूळ उडवतो. गोल फिरणाऱ्या सँडरला किंवा रंगाच्या मोठ्या गनला मिनिटाला दोनशे-तीनशे लिटर हवा सतत लागते, आणि लहान यंत्र मिनिटाभरात धापा टाकतं. शिवाय डब्यावर छापलेला आकडा बहुधा पंप ओढतो त्या हवेचा असतो, बाहेर येणाऱ्या हवेचा नाही. विजेवर चालणारा सँडर घ्या, त्याला कंप्रेसर नको. आणि शेवटचा रंग घरी मारायचा बेत असेल तर सोडा. टू-पॅक रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, तुमच्या रेस्पिरेटरचं ते काम नव्हे. घासणं, पुटी, मास्किंग, दारं-बॉनेट सुटी करणं हे सगळं तुम्ही करा, रंग फवारायला रंगवाल्याकडे द्या. रंगकामाच्या बिलात मजुरीचा मोठा वाटा या पूर्वतयारीचाच असतो.

वेल्डिंग मशीन घ्या, पण शिकल्यावर. गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. गॅसविना चालणाऱ्या स्वस्त मशीनची तार त्यात भोकं पाडते आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट. गॅसवर चालणारं मिग (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन), ०.६ मिलिमीटरची तार, आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, आणि ३० अँपिअरपर्यंत किंवा त्याखाली उतरणारा प्रवाह. मशीन किती वर चढतं हे विक्रेता सांगेल, तुम्ही ते किती खाली उतरतं ते विचारा. वापरलेलं घेताना तार एकसारखी येते का बघा. धक्के देत येत असेल तर टॉर्चमधली आतली नळी बदलून पाहता येते, फीडचे रूळ झिजले असतील तर भाव पाडा. टॉर्च प्रमाणित जोडणीचा असावा, म्हणजे सुटे भाग मिळतात. हेल्मेट आपोआप काळं होणारं, नवं. आणि वेल्डिंगच्या आधी पत्रा पुसायला क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर कधीही नाही. आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला तोच विषारी वायू.

तरीही सिलवर शिकू नका. रोडस्टरला छप्पर नाही, गाडीचा कणा म्हणजे हे सिलच. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला भाग आणि खालची कॅसल रेल, असे त्याचे थर असतात, आणि बाहेरचा पत्रा चांगला दिसला म्हणून आतला शाबूत असेल असं नाही. शिकायचं तर आधी भंगार पत्र्यावर, मग फ्लोअरच्या छोट्या ठिगळांवर. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत चौकोनी नळीचा आडवा कंस बोल्टने किंवा वेल्डने लावा, एका वेळी एकच बाजू कापा, आणि नवा पत्रा नुसता क्लॅम्पवर धरून दार लावून बघा. दार नीट लागतंय, फट वर-खाली सारखी आहे, मगच टाके. इथपर्यंतचं सगळं काम तुमचं. शेवटचे शिवण-वेल्ड टाकायला एक दिवसासाठी कसबी वेल्डर बोलवा. त्याची एक दिवसाची मजुरी चुकीच्या फटीने कायमची वाकलेली गाडी सरळ करण्यापेक्षा नक्की कमी असेल.

जमाखर्चाची शेवटची बाजू : चांगलं वापरलेलं मशीन घेतलंत आणि जपलंत, तर काम संपल्यावर ते जवळपास घेतलेल्या भावाला विकलं जातं. पावती, पुस्तिका आणि सुटे तुकडे एका पिशवीत ठेवा. तीनशे नगांचा सेट उघडला की त्याची किंमत अर्धी, आणि दोन सॉकेटं हरवली की तीही उरत नाही.

पहिल्या फेरीला स्टँड, मास्क, चार मापांचे पाने आणि गाडीचं कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल एवढंच आणा. गाडी अजून चाकांवर उभी आहे तोवर दोन्ही दारांच्या फटी पुढून, खालून आणि मागून मोजून ठेवा. ते आकडे आणि फ्लोअरचे खालून काढलेले फोटो पाठवलेत तर कंस कुठे लावायचा ते नेमकं सांगता येईल. दोन्ही बाजू सारख्या खचल्या असतील तर गाडी टेकवायच्या जागा बदलाव्या लागतील.